न सांधलेले हाड : डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन व त्यांचे नाशिकचे सोबती

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत मनुष्याच्या एकेका हातात ३० हाडे असतात. दंडात एक, कोपरापासून मनगटापर्यंत दोन, मनगटात लहान लहान आठ, तळहातात पाच, आणि बोटांत चौदा. अंगठ्यास दोन व इतर चार बोटांस प्रत्येकी तीन. ह्या सर्वांत दंडाचे हाड लांब व बळकट आहे. त्याचे वरचे गोल टोक खांद्याच्या उथळ खोबणीत बसते, म्हणून हात पुढे, मागे, वर, हव्या त्या दिशेस फिरतो. नांगर धरणे, जाते ओढणे, मोट रिकामी करणे, लेकरास कडेवर घेणे, ही सर्व कामे ह्या एका हाडाच्या आधाराने चालतात.

हे हाड मोडले म्हणजे मोडलेल्या जागी रक्त साकळते. काही दिवसांत तेथे एक मऊ गाठ बनते, पुढे त्या गाठीत हळूहळू चुना भरतो, आणि बहुधा दोनतीन महिन्यांत दोन्ही तुकडे एकजीव होतात. उत्पन्नकर्त्याने हाडाच्या ठायी ही शक्ती ठेविली आहे. परंतु तिला एक अट आहे. हाड सांधेपर्यंत दोन्ही टोके स्थिर राहिली पाहिजेत. म्हणून कामट्या बांधतात व हात झोळीत ठेवितात. हाडाचा चुरा झाला, जखम चिघळली, किंवा हात वेळेपूर्वी कामास लाविला, तर टोके जुळत नाहीत. त्यांच्या मधे मऊ पेशी राहतात आणि जेथे सांधा नसावा तेथे हात हलू लागतो. ह्यास वैद्य खोटा सांधा म्हणतात. असा हात घेऊन एका मनुष्याने ३० वर्षांच्या सुमारास काळ काढिला आणि आफ्रिका खंडात हजारो मैल प्रवास केला. त्यांचे चरित्र व त्या हाडाने शेवटी दिलेली साक्ष वाचकांपुढे ठेवीत आहो.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी झाला. आईबाप गरीब, परंतु देवभीरू होते. दहाव्या वर्षी मुलास सुताच्या गिरणीत घातले. तेथे तुटलेले धागे जोडण्याचे काम त्यास मिळाले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत गिरणीत राहावे लागे. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्याने लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. यंत्रावर पुस्तक टेकवून ठेवावे आणि येताजाता एकेक वाक्य वाचावे, असा त्याचा क्रम असे. पुढे सन १८३६ पासून त्यांनी ग्लासगो येथे वैद्यकीचा अभ्यास केला व लंडन मिशनरी सोसायटीकडे सेवेसाठी अर्ज केला. चीन देशी जावे असा त्यांचा मानस होता. परंतु तेथे युद्ध सुरू झाल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच सुमारास आफ्रिकेतील मिशनरी रॉबर्ट मॉफट ह्यांची गाठ पडली, आणि लिव्हिंग्स्टन ह्यांचे चित्त त्या खंडाकडे वळले. सन १८४० मध्ये डॉक्टरीची सनद मिळवून ते निघाले, आणि १८४१ च्या जुलै महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान ह्या मिशनस्थानी पोहोचले.

कुरुमानच्या उत्तरेस माबोत्सा नावाच्या खोऱ्यात त्यांनी नवे ठाणे घातले. तेथील लोकांस सिंहांचा फार उपद्रव होत असे. रात्री गोठे फोडून सिंह गुरे नेत. पुढे पुढे दिवसाढवळ्याही येऊ लागले. आपणांवर कोणी चेटूक केले आहे असे लोक समजत, व त्या भीतीने त्यांचा धीर खचला होता. एक सिंह मारिला गेला तर बाकीचे तो प्रदेश सोडून जातात, हे लिव्हिंग्स्टन ह्यांस ठाऊक होते. म्हणून सन १८४४ मध्ये एके दिवशी गावकऱ्यांस धीर देऊन ते त्यांजबरोबर निघाले. सोबत मेबाल्वे नावाचे एतद्देशीय उपदेशक होते. लोकांनी एका टेकडीस वेढा घातला, परंतु सिंह वेढा फोडून निसटले. परत येताना झुडुपामागे एक सिंह दिसला. लिव्हिंग्स्टन ह्यांनी बंदुकीचे दोन्ही बार त्याजवर टाकिले. ते पुन्हा बंदूक भरीत आहेत इतक्यात जखमी सिंहाने झेप घालून त्यांचा डावा दंड जबड्यात धरिला, आणि कुत्रा उंदरास हालवितो तसे त्यांस गदगदा हालविले.

त्या क्षणाविषयी त्यांनी पुढे लिहून ठेविले आहे. आपणांस वेदना झाली नाही व भीतीही वाटली नाही. एक प्रकारची गुंगी आली, आणि काय घडत आहे हे सर्व कळत असूनही जणू स्वप्न पाहत आहो असे वाटले, असा त्याचा आशय आहे. हिंस्र पशूच्या तोंडी सापडलेल्या जिवांचे मरण सुसह्य व्हावे म्हणून दयाळू देवाने ही सोय केली असावी, असे त्यांचे मत झाले.

मेबाल्वे ह्यांनी दहापंधरा यार्डांवरून आपली बंदूक रोखिली, पण दोन्ही बार पेटलेच नाहीत. तरी ते पळाले नाहीत. सिंहाने लिव्हिंग्स्टन ह्यांस सोडिले व मेबाल्वे ह्यांच्या मांडीचा लचका घेतला. तेव्हा आणखी एक गावकरी भाला घेऊन धावला. पूर्वी एका रानरेड्यापासून लिव्हिंग्स्टन ह्यांनी त्याचा जीव वाचविला होता. सिंहाने त्याचाही खांदा धरिला. परंतु इतक्यात पहिल्या गोळ्यांचा परिणाम होऊन सिंह मरून पडला. आज लिव्हिंग्स्टन ह्यांचे नाव सर्व जगात ठाऊक आहे, पण त्या दिवशी मेबाल्वे ह्यांनी पाय मागे घेतला असता तर ते नाव माबोत्साच्या रानातच संपले असते. आमच्या उपदेशक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

लिव्हिंग्स्टन ह्यांच्या दंडावर दातांच्या ११ जखमा होत्या, आणि आतील हाडाचा चुरा झाला होता. जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता. सहकारी मिशनरी एडवर्ड्स ह्यांस वैद्यकीचे ज्ञान नव्हते. लिव्हिंग्स्टन ह्यांनी स्वतः सांगावे व त्यांनी हाड बसवावे, अशा रीतीने ते काम झाले. पुष्कळ दिवस जखम वाहत राहिली. हाड नीट धरले नाही तोच त्यांनी घरबांधणीचे अवजड काम हाती घेतले, आणि त्या अशक्त हातास पुन्हा इजा झाली. शेवटी दंडाच्या वरच्या भागात खोटा सांधा राहिला. पुढे जन्मभर तो हात खांद्याच्या वर नेणे त्यांस अवघड जाई.

अशा हाताने त्यांनी जे केले त्याचा वृत्तांत मोठा आहे. येथे थोडक्यात देतो. सन १८४५ मध्ये मॉफट साहेबांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८५३ च्या नोव्हेंबरात ते मध्य आफ्रिकेतील लिन्यांती गावाहून निघाले, तापाने जर्जर होऊन १८५४ च्या मे महिन्यात पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडा बंदरास पोहोचले, आणि तेथून उलट फिरून १८५६ च्या मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील केलिमाने येथे उतरले. लुआंडास विलायतेला जाणारे जहाज तयार होते. परंतु सोबतच्या आफ्रिकी लोकांस घरी परत नेण्याचे वचन दिले होते, म्हणून ते जहाजावर चढले नाहीत. ह्याच प्रवासात, १८५५ च्या नोव्हेंबरात, झांबेझी नदीचा प्रचंड धबधबा त्यांनी पाहिला. तेथील लोक त्यास गर्जणारा धूर अशा अर्थाच्या नावाने ओळखत असत. लिव्हिंग्स्टन ह्यांनी त्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले.

त्यांच्या आयुष्यात अपयशही पुष्कळ आले, आणि ते लपविणे योग्य नाही. सन १८५८ ते १८६४ पर्यंतची झांबेझी नदीवरील मोहीम फसली. युरोपी सोबत्यांशी त्यांचे पटले नाही. त्यांचा स्वभाव हट्टी व कठोर होता. पत्नी व लेकरे ह्यांस त्यांचा सहवास फार थोडा लाभला, आणि १८६२ च्या एप्रिलात मेरीबाई त्याच नदीकाठी तापाने मरण पावल्या. परंतु गुलामांच्या व्यापाराविषयीचा त्यांचा संताप कधी निवला नाही. गळ्यात लाकडी बेडी घातलेल्या माणसांच्या रांगा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. सन १८६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी अशी एक रांग अडवून माणसे सोडविली. त्यांत चुमा नावाचा एक मुलगा होता.

आता हे चरित्र आपल्या प्रांताकडे वळते. मोहीम संपल्यावर लिव्हिंग्स्टन ह्यांजपाशी एक लहान आगबोट उरली होती. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती ती पडू नये म्हणून त्यांनी स्वतः ती चालवीत हिंदी महासागर ओलांडला, आणि सुमारे २,५०० मैल येऊन १८६४ च्या जून महिन्यात मुंबई बंदर गाठले. तीन युरोपी खलाशी, थोडे आफ्रिकी नावाडी व दोन मुलगे इतकीच माणसे बोटीवर होती. चुमा व दुसरा मुलगा विकातानी ह्यांस त्यांनी डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविले. सुसी नावाचे नावाडी मुंबईच्या गोदीत कामास राहिले. पुढे बोट विकून जे पैसे आले ते एका पेढीत ठेविले. ती पेढी बुडाली व पैसेही गेले.

त्या काळी अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबते पकडीत असे. सोडविलेल्या आफ्रिकी मुलांपैकी पुष्कळांस मुंबईस आणीत, आणि चर्च मिशनरी सोसायटी त्यांचा सांभाळ नाशिकजवळील शरणपूर येथे करी. तेथे ती मुले वाचन, लेखन व देवाचे वचन शिकत, तसेच सुतारकाम व लोहारकामही शिकत. सन १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आले तेव्हा त्यांनी शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण निवडिले. चुमा व सुसी हेही निघाले. १८६६ च्या जानेवारीत ही मंडळी मुंबईहून झांझिबारास गेली.

त्या नऊ जणांपैकी सर्वच शेवटपर्यंत टिकले नाहीत. कित्येक वाटेत निघून गेले. जोहाना बेटावरील हमालांची एक टोळीही पळाली, आणि तिच्या नायकाने किनाऱ्यावर येऊन लिव्हिंग्स्टन मारले गेले अशी खोटी बातमी दिली. विलायतेत शोक झाला. नंतर १८६७ मध्ये शोधार्थ गेलेल्या लोकांस ती बातमी लबाडीची असल्याचे दिसून आले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे फळ दुसऱ्यांस भोगावे लागले.

लिव्हिंग्स्टन नील नदीच्या उगमाचा शोध करीत वर्षानुवर्षे आत आत गेले. १८७१ साली न्यांग्वे येथील बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो निरपराध माणसांस, विशेषतः स्त्रियांस, ठार मारिले. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी हेन्री स्टॅन्ली ह्यांनी त्यांस उजीजी येथे शोधून काढिले. परत चला अशी विनंती त्यांनी केली, परंतु लिव्हिंग्स्टन ह्यांनी ती मान्य केली नाही. स्टॅन्ली ह्यांनी किनाऱ्यावरून पन्नासाहून अधिक माणसे त्यांच्या मदतीस पाठविली. त्यांत शरणपुरास शिकलेले जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन व केरस फॅरर हे तरुण होते.

ह्या शेवटल्या प्रवासात लिव्हिंग्स्टन ह्यांचे शरीर थकले. रक्ताची हगवण लागली, चालवेना, म्हणून सोबत्यांनी त्यांस डोलीत घालून दलदलीतून नेले. बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस, आजच्या झांबिया देशात, चितांबो नावाच्या नाइकाच्या गावी त्यांसाठी झोपडी बांधिली. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, पहाटेच्या सुमारास, सोबती आत गेले तो ते बिछान्याशेजारी गुडघे टेकून, तोंड हातांत ठेवून, प्रार्थनेच्या स्थितीत मृत आढळले.

आता काय करावे? किनारा हजार मैलांहून दूर. मार्गात युद्ध, दुष्काळ व ताप. प्रेत घेऊन चालणाऱ्यांस गावोगावचे लोक भिऊन हाकून देत. तेथेच पुरावे व आपापल्या वाटेस लागावे, असे त्यांनी केले असते तर त्यांस दोष देणारा कोणी नव्हता. चितांबो नाइकानेही तसाच सल्ला दिला. परंतु चुमा, सुसी व इतर सर्व ह्यांनी एकत्र बसून ठरविले की आपल्या धन्यास त्यांच्या लोकांकडे पोहोचवावयाचे. फारिजाला नावाच्या सोबत्याने झांझिबारास एका डॉक्टराकडे चाकरी केली होती. त्याने शरीर उघडून हृदय व आतडी काढिली. ती एका पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकब ह्यांनी प्रार्थनापुस्तकातून प्रेतक्रियेची उपासना वाचली, आणि त्या झाडावर नाव व तारीख कोरिली. शरीरात मीठ भरून ते १४ दिवस उन्हात सुकविले, मग कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून वर शिडाच्या कापडाने शिवून टाकिले.

हे ओझे खांद्यावर घेऊन ते नऊ महिने चालले. आजाराने त्यांस कित्येक आठवडे अडविले, आणि कित्येक सोबती वाटेत मेले. उन्यान्येंबे येथे एका इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. प्रेत येथेच पुरा असे त्यांनी सुचविले, परंतु ह्या लोकांनी ऐकिले नाही. पुढे एका गावच्या लोकांनी प्रेत घेऊन जाण्यास मनाई केली. तेव्हा त्यांनी ताटांचा एक भारा प्रेतासारखा बांधून काही माणसांबरोबर परत पाठविला, आणि खरे शरीर कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो येथे समुद्रकाठी पोहोचले. लिव्हिंग्स्टन ह्यांची टिपणवही, नकाशे व उपकरणे त्यांनी जपून आणिली होती. तेथे इंग्रज अधिकाऱ्याने प्रेत ताब्यात घेऊन त्यांस मजुरी चुकती केली व निरोप दिला. मिशनच्या खर्चाने एकटे जेकब वेनराइट जहाजावर प्रेताबरोबर गेले.

विलायतेत ही वार्ता गेली तेव्हा पुष्कळांनी शंका घेतली. एकदा खोटी बातमी आली होती. आता पुन्हा तसेच कशावरून नसेल? गुलामगिरीतून सुटलेले गरीब लोक एका गोऱ्या मनुष्याचे प्रेत इतक्या दूर, कोणाची आज्ञा नसता, आणतील हे संभवते काय? चेहरा तर ओळखण्यासारखा राहिला नव्हता. वाहून आणणाऱ्यांच्या शब्दावाचून दुसरा पुरावा नव्हता, आणि त्यांचा शब्द मोठ्या लोकांस पुरेसा वाटत नव्हता.

१८७४ च्या एप्रिलात लंडन येथे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या घरी ते शरीर उघडण्यात आले. तपासणीस सर विल्यम फर्ग्युसन हे प्रसिद्ध शस्त्रवैद्य आले होते. लिव्हिंग्स्टन मायदेशी असता त्यांनी तो मोडका हात पाहिलेला होता. त्यांनी डावा दंड तपासिला. वरच्या भागात हाडाची तिरपी मोड होती, आणि टोके कधीच एकजीव झाली नव्हती. सर विल्यम ह्यांची खात्री झाली. सिंहाने चावलेला तोच हा हात आणि तेच हे हाड. १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर मठमंदिरात, जेथे पूर्वी राजे पुरले जात तेथे, लिव्हिंग्स्टन ह्यांस पुरण्यात आले. शवपेटी धरून चालणाऱ्या मान्यवरांत शरणपूरच्या शाळेचे विद्यार्थी जेकब वेनराइट हे होते.

चुमा व सुसी ह्यांस एका मित्राच्या खर्चाने नंतर त्याच वर्षी इंग्लंडात नेण्यात आले. दफनविधी होऊन गेला होता. परंतु टिपणवही छापण्याच्या कामी त्यांच्या आठवणी फार उपयोगी पडल्या. ह्या विश्वासू लोकांच्या नावे ६० पदके करण्यात आली, पण ती तयार झाली तेव्हा त्यांपैकी पुष्कळ दूरदूर पांगले होते. चुमा ह्यांनी मुंबईत असता बाप्तिस्मा घेतला होता. सुसी ह्यांनी सन १८८६ मध्ये घेतला व डेव्हिड हे नाव धारण केले. मॅथ्यू वेलिंग्टन सन १९३५ पर्यंत जगले. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला. त्या बाजाराच्या जागेवर आज ख्रिस्ती मंदिर उभे आहे.

प्रिय वाचकहो, लिव्हिंग्स्टन ह्यांचा हात नीट व्हावा अशी प्रार्थना त्यांच्या मित्रांनी केली असेलच. तो नीट झाला नाही. पौलाच्या देहातील काटा जसा राहिला, तसे हे व्यंग राहिले. आणि जे हाड जन्मभर दुखले तेच मरणानंतर बोलले. ते बोलले तेव्हा त्याने आपल्या धन्याची ओळख तर पटविलीच, परंतु ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नव्हते, त्या वाहून आणणाऱ्यांचा खरेपणाही सिद्ध केला. पुनरुत्थित प्रभूची ओळखही थोमास जखमांवरूनच पटली होती.

आपल्या मंडळ्यांत असे कित्येक आहेत की, ज्यांचा शब्द चावडीवर कोणी मोजीत नाही. उपदेशक खरे सांगतो, तरी तो कोणाचा कोण म्हणून लोक हसतात. विधवा खरे सांगते, तरी तिची साक्ष हलकी ठरते. अशा बंधुभगिनींनी चितांबोच्या गावाहून निघालेली ती रांग डोळ्यांपुढे आणावी. आपणांवर विश्वास बसेल की नाही ह्याचा विचार करीत ती माणसे थांबली नाहीत. ओझे खांद्यावर घेतले व चालू लागली. लंडनात कोणते हाड तपासले जाईल हे त्यांस ठाऊक नव्हते. खरे ओझे खरेपणाने पोहोचविणे इतकेच त्यांचे काम होते. तेच आपलेही काम आहे. त्या ओझ्याची साक्ष योग्य वेळी पटविणे हे परमेश्वराकडे आहे.